फळ्यावरची परवा

मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा म्हणायचं ते आपलं सवयीने. आता माझा रंग दुधात चहाचे दोन थेंब सांडावेत तसा झाला आहे. एक कोपरा चेपला आहे. जवळून पाहिलंत तर अंगावर जुन्या अक्षरांच्या पुसट सावल्या दिसतात. मित्रांनो, त्यांतल्याच एका शब्दाची ही हकिकत आहे.

कारखान्यात पत्र्यावर गुळगुळीत पांढरा लेप चढवून मला भट्टीत भाजलं, कडेने चौकट ठोकली आणि कागदात गुंडाळलं. आपण एखाद्या शाळेत जाणार, अशी माझी समजूत होती. गेलो शाळेतच, पण शाळा व्हायच्या आधी. जुनी इमारत अपुरी पडत होती म्हणून शेजारी नवी बांधत होते. तिच्या वरच्या मजल्यावर, मुलांच्या स्वच्छतागृहासमोरच्या खोलीत, मला सिमेंटच्या ओल्या वासात टांगलं.

या कामाची सगळी आखणी जिच्याकडे होती तिला सगळे ताई म्हणत. टेबलावर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ अशी पाटी होती, पण तिच्यावर नेहमी कुणाची तरी टोपी पडलेली असायची. ताई सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. पर्स खुंटीला अडकवायची, आणि पर्समधून मुलीचा एखादा मोजा निघाला की स्वतःशीच हसायची. मग चहाचा पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. माझ्यावर तिने तीन रकाने आखले होते: ‘आज’, ‘अडलंय’ आणि ‘झालं’. ‘आज’मध्ये ती फार थोडं लिहायची.

“एवढंच?” फरशीवाले मुकादम विचारायचे.

“एवढं झालं तरी मी पेढे वाटीन,” ताई म्हणायची. “सतराशे साठ कामं लिहिली म्हणजे ती होतात, असं नाही मुकादम. लिहून फक्त हात दुखतो.”

मग सगळे माझ्यासमोर उभे राहत आणि आपापलं काम बोलून दाखवत. कुणी बसायचं नाही, अशी तिची अट होती. बसलं की गप्पा वाढतात. संध्याकाळी मला पुसून ती मुलीला आणायला पाळणाघरात पळायची. मला पुसलं जाण्याचं दुःख कधी झालं नाही. पुढचं पाठ, मागचं सपाट, हाच माझा जन्माचा धर्म. बांधकाम कंपनीचे मोठे साहेब एकदा पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आमचं सगळं काम या फळ्यावर चालतं.” मी ते ऐकून घेतलं. काम फळ्यावर चालत नाही, ते माणसांवर चालतं, एवढं मला कळत होतं.

शाळा सोमवारी उघडायची होती. नवी इमारत तोवर देईन, असा शब्द ताईने मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, दिला होता. मोठ्या साहेबांनीही बजावलं होतं, “हे वेळेत झालं तरच पुढची इमारत तुमच्याकडे.”

त्या आठवड्यात गुरुवारी दुपारी पाळणाघरातून फोन आला. मुलगी तापली होती. ताईने तशीच पर्स उचलली. शुक्रवारीही ती आली नाही.

गुरुवारी संध्याकाळी नळवाले काका माझ्यासमोर आले. स्वच्छतागृहातले पाइप जोडून झाले होते, पण दाबाने पाणी भरून ते तपासायचे होते आणि त्याचा पंप दुसऱ्या कामावर अडकला होता. ताई नसल्याने रकाने पुसलेच नव्हते. म्हणून त्यांनी कडेला, जागा मिळाली तिथे लिहिलं: ‘पाइपची चाचणी परवा’. आणि ते पंपाच्या मागे गेले.

शुक्रवारी सकाळी मुकादमांनी ते वाचलं, मान डोलावली आणि पाइपांवर फरशा बसवायला घेतल्या. मी समोरच होतो. अक्षरं माझ्या अंगावर होती. पण फळ्याला तोंड नसतं.

शनिवारी ताई आली. डोळे जागरणाने सुजलेले होते, पण मुलीचा ताप उतरला होता. सगळे उभे राहिले. मुकादम खुशीत म्हणाले, “ताई, अर्ध्याहून जास्त फरशी बसली. उद्या रात्रीपर्यंत चकाचक.”

तेवढ्यात काका पंप खांद्यावर घेऊन दारात आले. “सरका जरा. चाचणी घ्यायचीय.”

“कसली चाचणी?” मुकादम म्हणाले. “ती परवाच झाली ना?”

“परवा कुठे? परवा करणार होतो. म्हणजे आज.”

“अहो, फळ्यावर लिहिलंय की, चाचणी परवा!”

“मग तेच तर! परवा म्हणजे परवा!”

“मी काल वाचलं. कालची परवा म्हणजे बुधवार!”

“माझी परवा शनिवारची आहे!”

“काका, तुम्हाला कसलीच पर्वा नाही!”

“कुठली? गेलेली का येणारी?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताई हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून उभी राहिली. मग तिने साहेबांना फोन लावला.

साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. “बसवलेल्या फरशा राहू द्या. काका जुना माणूस आहे, त्याचे जोड गळत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई.”

“मूठ झाकलेली राहील साहेब. पाणी नाही राहायचं. खाली वाचनालय आहे.”

“सोमवार चुकला तर पुढची इमारत विसरा.”

उंटावरून शेळ्या हाकणं सोपंच असतं. “बरं,” एवढंच म्हणून ताईने फोन ठेवला आणि काकांकडे वळली. “पाणी भरा.”

पंपाचा काटा वर चढला. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. काका सर्वांत जवळ बसले होते. काटा थोडा थरथरला आणि हळूहळू खाली येऊ लागला. काकांचा चेहराही त्याच्याबरोबर उतरला. फरशीखाली कुठेतरी एक जोड गळत होता.

“फोडा,” ताई म्हणाली.

मुकादमांनी आदल्या दिवशी स्वतः बसवलेल्या फरशा स्वतःच फोडल्या. काका तुकडे घमेल्यात भरू लागले.

ताईने मोठ्या बाईंना फोन केला. “बाई, वरचा मजला सोमवारी मिळणार नाही. शब्द मी दिला होता, तो माझ्याकडूनच मोडतोय.”

“अगं, मग चौथीची मुलं मी कुठे बसवू? माझ्या डोक्यावर?”

“खालच्या सभागृहात. बाकं आजच लावून देते.”

पलीकडून उसासा ऐकू आला. “लाव बाई. स्वतः उभी राहून लाव.”

शाळा सोमवारी उघडली, वरचा मजला मागाहून. पुढची इमारत दुसऱ्याला मिळाली. नवे मॅनेजर भिंतीवर संगणकाचा चकचकीत पडदा लावणारे होते, त्यामुळे मला कुणी नेलं नाही. काम संपता संपता कुणीतरी न पुसणाऱ्या शाईने माझ्यावर हिशेब केले आणि ते तारेच्या घासणीने खरवडले. मग रंगाच्या डब्यांमागे, भिंतीकडे तोंड करून, मी बराच काळ उभा होतो. मी रागावलो नाही. धूळ बसत गेली, एवढंच.

आवराआवरीत मोठ्या बाईंना मी सापडलो. त्यांनी मला वाचनालयात लावलं.

एकदा ताई आली, मुलीला पहिलीत घालायला. मुलगी पुस्तकांकडे धावली. ताईने आधी मान वर करून छताकडे पाहिलं. ते कोरडं होतं. कुठे डाग नव्हता, पोपडा नव्हता. ती बराच वेळ तशीच पाहत राहिली. मग मुलीशेजारी जमिनीवर बसली आणि तिला चित्रं दाखवू लागली. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. जायला हवं होतं असंही नाही.

मित्रांनो, फळ्याला मऊ फडक्याने पुसा, त्याला खरवडू नका. आणि माझ्यावर जे लिहाल ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा. दुसऱ्याने लिहिलेलं वाचाल, तेव्हा त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच विचारा. मी सगळं अंगावर वागवीन, पण विचारण्याचं काम मात्र तुम्हालाच करावं लागेल.