बदनापूरच्या मुलीचं नाक

बदनापूरची मुलगी पाहून भालचंद्र जालन्याला परतला, तेव्हा थोरली बहीण रमाबाई दारातच उभी होती. करोडगिरी नाक्यावर, जकातवसुलीच्या चौकीवर, कारकुनी करणाऱ्या या भावाला आईमागं तिनंच वाढवलं होतं. पण ऐनवेळी तिला ताप भरला, म्हणून तो मामांबरोबर गेल्ता, आणि मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कशी आहे?"

"पसंत आहे, अक्का."

"ते कळलं. नाक कसं आहे?"

भालचंद्र वहाणा काढू लागला.

"बरं, रंग?"

"गोरा असेल."

"असेल? अन् डोळे?"

"दोन्ही आहेत."

रमाबाईनं कपाळावर हात मारला. "अरे, सकाळीच पाहून आलास ना? डोळे मिट अन् आण तिला समोर!"

भालचंद्रनं मुकाट्यानं डोळे मिटले. समोर नेहमीसारखा काळोख. "अक्का, डोळे मिटल्यावर कुणाला खरंच काही दिसतं का?"

"म्हणजे? तुला न्हाई दिसत?"

"न्हाई. 'डोळ्यांसमोर येतं' ही नुसती बोलायची रीत आहे, असंच मी समजत आलो."

रमाबाई उंबऱ्यावर बसलीच. मग हळूच तिनं विचारलं, "आई?"

"आईपण न्हाई. तिच्या हाका तेवढ्या ऐकू येतात. चेहरा येत न्हाई, म्हणून मला वाटायचं, आपलीच माया पातळ."

रमाबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी तिनं नाकाचा विषय पुन्हा काढला नाही.

पण शेजारच्या चतुराबाईला सांगितल्यावाचून तिला राहवलं नाही, आणि चतुराबाईचं माहेर नेमकं बदनापूरचं. चार दिवसांत मुलीच्या वडिलांचा, रामरावांचा, निरोप आला: ज्याला आमच्या उमाचं तोंड घरी पोचेपर्यंत आठवत न्हाई, त्याला ती द्यायची न्हाई.

भालचंद्रनं रजा टाकली आणि एकटाच आगगाडीत बसून बदनापूर गाठलं. रामरावांनी पाणी दिलं, पण 'बसा' म्हटलं नाही. भालचंद्रनं उभ्याउभ्याच सगळं खरं सांगून टाकलं. "समोर आल्या की बराबर ओळखतो. समोर नसल्या की काही दिसत न्हाई. कुणाचंच दिसत न्हाई मला."

"अजबच आहे. बघू तर," म्हणून रामरावांनी आत हाक मारली. उमा आणि तिच्या दोघी चुलतबहिणी सारखाच पदर घेऊन ओळीनं उभ्या राहिल्या. तिघींची नाकं एकाच साच्यातली.

"या मधल्या," भालचंद्र लगेच म्हणाला.

बहिणी फिसकन हसल्या. रामराव म्हणाले, "बसा."

उमानं वडिलांकडं पाहून धीर केला. "मंग माझं काय आठवत होतं तुम्हाला?"

"तुमचं बोलणं. पोह्यांची बशी देताना तुम्ही हळूच म्हणालात, 'मीठ जास्त पडलंय, पण आमच्या अप्पांना कळू देऊ नका.' परतताना गाडीभर तेच वाक्य तुमच्याच आवाजात मनात चालू होतं."

"मीठ जास्त?" रामराव गरजले. "अन् मला म्हणालीस, अप्पा, तुमच्या वाटचे मांजरानं खाल्ले!"

उमाचं मात्र तिकडं ध्यानच नव्हतं. "मनात आवाज? खरा, कानानं ऐकू यावा तसा?"

"अगदी तसा न्हाई, पण आवाजच. माझं मन दिवसभर बोलतच असतं."

"माझ्या मनात तर कुणीच बोलत न्हाई. सगळी चित्रंच. 'मन म्हणालं' असं लोक उगाच म्हणतात, असं वाटायचं मला."

दोघं एकमेकांकडं पाहतच राहिली. रामरावांनी खाकरून पंचांग मागवलं.

वैशाखात लग्न झालं. रमाबाईनं मांडवात नाक निरखून घेतलं आणि तिला ते पसंत पडलं.

वरात घेऊन जालन्याकडं निघालेल्या गाडीत उमा खिडकीशी बसली होती. डोळे भरून आल्ते.

"कसला विचार करून राह्यलीस?" भालचंद्रनं विचारलं.

"विचार न्हाई. आमची कपिला दिसून राह्यली. दावणीला उभी आहे, अन् माझ्याकडं बघत न्हाई."

भालचंद्रनं डोळे मिटले. काळोखच होता. "सांग बरं मला, कशी आहे ती," तो म्हणाला.

उमानं पदरानं डोळे पुसले आणि शिंगांपासून सुरुवात केली. डावं शिंग कसं वळलंय, कानाच्या आत रंग कसा फिका होत जातो, गळ्यातल्या घंटेची दोरी कुठं उसवलीय. गाडी जालन्याच्या ठेसनात शिरली, तरी ती अजून वशिंडापर्यंतच आल्ती.