हेडमास्तरांनी छाटलेली मूळ संख्या

हेडमास्तरांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. गणिताच्या बाईंना त्यांचा जितका तिटकारा होता तितका पालीचाही नसेल. पण बाईंना नोकरीत कायम करायचं की नाही, हे याच माणसाच्या हातात होतं. म्हणून त्या आतून दातओठ खायच्या आणि वरून गोड हसायच्या.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर सरांची संख्या लावायची टूमही हेडमास्तरांचीच. सर म्हणजे याच शाळेत बाईंना गणित शिकवलेले मास्तर, आता डोळ्यांनी पार अधू झालेले. ती लांबलचक संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच भाग जात नाही, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. यंत्रं तिला 'बहुधा मूळ' म्हणून मोकळी झाली होती. सरांना 'बहुधा' हा शब्द शिवीसारखा लागायचा. तिच्यातून एक वजा करून उरलेल्या संख्येचे अवयव पाडण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, डोळे घालवले आणि मगच ते 'बहुधा' खोडलं.

आणि या शहाण्याने काय करावं? पितळी आकडे बसवता बसवता भिंत संपली, तर शेवटचे आकडे सरळ छाटून टाकले. बाई बघायला गेल्या तेव्हा शेवटी आठ होता. आठ! याला दोनाने भाग जातो हे शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी चाचरत विषय काढला, तर हेडमास्तर म्हणाले, एवढ्या थोरल्या संख्येत चार आकडे कमी झाले तर कुणाचं काय बिघडतंय. अकलेचा कांदा, असं बाई मनात म्हणाल्या. तोंडाने म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं.

समारंभाला सर बाईंच्या खांद्यावर हात ठेवून आले. हेडमास्तरांनी या संख्येसारखी आपली शाळाही कधी विभागली जाणार नाही वगैरे बराच वेळ दळण दळलं. टाळ्या झाल्या. मग सर भिंतीच्या शेवटच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

"शेवटी सात आहे ना गं?"

हेडमास्तर शेजारीच उभे होते. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हो सर," त्या म्हणाल्या. "सातच आहे."

सरांनी दुसरा हात उचलून भिंतीला लावला. शेवटच्या आकड्यावरून त्यांचं बोट फिरलं, वरच्या गोलावरून खालच्या गोलावर आणि पुन्हा वर. आता हेडमास्तरांची बिनपाण्याने होणार, असं बाईंना वाटलं आणि त्या मनातून सुखावल्यासुद्धा. काय म्हणावं या बाईला!

पण सर बाईंकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाले, "त्यांना कळत नाही. तुला कळतं."

मग त्यांनी बाईंच्या खांद्यावरचा हात काढून घेतला, चाचपडत हेडमास्तरांचा दंड शोधला आणि मला गाडीपर्यंत सोडता का, असं त्यांनाच विचारलं.