परिशिष्टातला बिल्ला

‘सदर अपघात वापरकर्त्याने यंत्राचे संरक्षक कवच स्वतःहून काढल्यामुळे, म्हणजेच त्याच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे घडला असून, त्यास अन्य कोणीही जबाबदार नाही.’

हे वाक्य सुदेश सामंताने लवू परबाच्या घरासमोरच्या खळ्यात, सुगंधाने पुसून दिलेल्या खुर्चीवर बसून, शुद्ध मराठीत वाचून दाखवले. सुदेश हा गावातल्या बागायतदार गटाचा अध्यक्ष. वापरकर्ता म्हणजे समोर ओट्याच्या कडेला बसलेला लवू. त्याच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि पट्टीखाली डोळा नव्हता. त्याची बायको सुगंधा दाराशी तांदूळ निवडत होती. वाचन चालू असताना तिचा हात थांबला नाही.

वाक्यातली एक गोष्ट खरी होती. अपघाताच्या वेळी गवत कापायच्या यंत्राला कवच नव्हते. बाकीची सगळी रचना होती. ती करणाऱ्या तिघांच्या चौकशी समितीने गावात पाऊण तास घालवला, त्यातला बराचसा शहाळ्यांत गेला. आणि ज्याच्या माथी दोष मारायचा तो माणूस त्या दिवशी गोव्यातल्या इस्पितळात दोन्ही डोळे बांधून पडलेला होता. त्याला काही विचारावे असे समितीला वाटले नाही. यात विसराळूपणा शोधण्याचे कारण नाही. विचारले असते, तर उत्तर मिळाले असते.

राहिला ‘निष्काळजीपणा’. लवूने एकतीस वर्षे मुंबईजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली होती. तिथला नियम असा, की कामगाराने हत्यार न्यायचे आणि त्याच्या रिकाम्या खिळ्याला आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला अडकवायचा. पाळी संपताना फळ्यावरून एक नजर फिरवली, की कोणता पाना कोणाच्या हातात आहे ते तोंड न उघडता कळे. निवृत्त होऊन गावी आल्यावर लवूने हाच नियम आपल्या पडवीत लागू केला. भिंतभर फळा ठोकला, त्यावर निळ्या ऑइलपेंटने प्रत्येक अवजाराची आकृती काढली. कोयता, आकडी, करवत, कलमे करायची कैची, आंबे उतरवायचा झेला, सगळ्यांना आपापली निळी सावली मिळाली. शेजारीपाजारी हसले. गवत कापायच्या मजुरीवर जाणारा महादू तर म्हणे, “लवूकाका, तुमच्या पडवीत कोयतो पण हजेरी लावता.”

पुढे सामायिक अवजारघराची योजना आली. गटाने शाळेजवळच्या बंद गोदामात अवजारघर थाटायचे ठरवले आणि ते सांभाळायला लवूची एकमताने निवड केली. एकमत सहज झाले, कारण काम बिनपगारी होते. गवत कापायची सहा यंत्रे घ्यायची होती. ती पारखायचे कामही त्याच्याकडे आले. कुडाळ, वेंगुर्ले, फोंडाघाट इथली पाच दुकाने तो हिंडला. प्रत्येक यंत्र पट्ट्यासकट खांद्याला अडकवून पंधरा मिनिटे उभा राही. इंजिन चालू करवून शेजारी पाण्याने भरलेला पेला ठेवी आणि पाणी किती थरथरते ते पाही. कवच किती स्क्रूंवर बसते, हरवले तर सुटे मिळते का, हे वहीत लिहून घेई. फोंडाघाटचा दुकानदार शेवटी कंटाळला.

“काका, तुमका कटर होयो की जावय?”

“जावय बघताना घाय केलंय,” लवू मान वर न करता म्हणाला. “म्हणान आता बघतंय.”

त्याने निवडलेले यंत्र इतरांपेक्षा जड होते, पण त्याचे कवच रुंद आणि जाड होते. सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या गवतात जांभ्याचे खडे दडलेले असतात. पाते त्यावर आपटले की खडा गोळीसारखा सुटतो. गटाने, आश्चर्य म्हणजे, तेच यंत्र घेतले. लवूने नवा फळा रंगवला, गटातल्या चौदा घरांसाठी चौदा ॲल्युमिनियमचे बिल्ले कापले आणि क्रमांक एकचा बिल्ला रीतीप्रमाणे अध्यक्षाला दिला. कवचे सफाईसाठी काढावी लागतात, म्हणून त्यांच्याही सहा आकृती त्याने वेगळ्या काढल्या. समितीने ज्याला निष्काळजी ठरवले, तो हा माणूस.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी उद्घाटन ठरले. पाहुणे मोठे होते, पाऊस नुकताच उघडला होता. आदल्या दुपारी शाळेच्या मैदानाच्या कडेला यंत्राची तालीम घेतली, तर ओले लांब गवत कवचाला गुंडाळून इंजिन दोनदा बंद पडले. हे असे होतेच. दर दहा पावलांवर थांबून गवत सोडवायचे असते, आणि थांबायला ज्यांना वेळ नसतो ते कवचच काढून टाकतात. सुदेशने स्क्रू ड्रायव्हर मागितला.

“गार्ड काढूचो नाय,” लवू म्हणाला.

“काका, उद्या पाव्हण्यांच्या हातात मशीन दितलंव आणि ता घुर्र करून गप झाला तर? सगळो गाव हसतलो.”

“हसांदेत. गवात सुकला की चलतला.”

“गवात सुकासर पाव्हणे रवतत?”

सहाही कवचे सुदेशने स्वतः काढली. लवू ती परत बसवील, म्हणून ती अवजारघरात न ठेवता गाडीच्या डिकीत टाकली. लवूने अडवले नाही. तो एवढेच म्हणाला, की वस्तू बाहेर जाते आहे तर बिल्ला लाव. सुदेश हसला, किल्ल्यांच्या जुडग्यातून क्रमांक एकचा बिल्ला काढला आणि कवचांच्या खिळ्याला अडकवला. सगळा गाव ज्या सवयीला हसत होता, ती तोवर गावाच्या हाताला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाचा शेवटचा पट्टा कापायला महादूला बोलावले होते. लवूने त्याच्या खांद्यावरचा पट्टा काढून घेतला.

“तू बाजूक रव. तुझी पोरां ल्हान आसत.”

“आणि तुमी?”

“माका कापूची घाय नाय.”

डोळे जपायचे चष्मे होते. ते यंत्रांच्या सहाही संचांत सीलबंद होते आणि पाहुण्यांच्या हस्ते वाटप होईपर्यंत सील फोडायचे नाही, अशी अध्यक्षांची सूचना होती. लवूने आपल्या वाचायच्या चष्म्यावर भागवले. त्याने अर्धा पट्टा हळूहळू, पाते जमिनीपासून वर धरून कापला. मग खडा उडाला. महादू म्हणतो, आवाज काच फुटल्याचा आला, माणसाचा आलाच नाही. कार्यक्रम तासभर उशिराने झाला. झाला मात्र.

अहवालाला तीन परिशिष्टे होती. सुदेशने दुसऱ्या परिशिष्टाची फोडणी वाचनाच्या शेवटी घातली. “आणि ह्या बघा काका, तुमचा कौतुकय केलाहा.” त्याने पान उलटून दाखवले. अवजारघराच्या फळ्याचे रंगीत छायाचित्र होते आणि खाली छापले होते, ‘अवजारांची अनुकरणीय मांडणी’.

“तर आता काय करूचा?” लवूने विचारले.

“काय नाय. हय ‘अहवाल मान्य’ म्हणान सही करा. फाइल बंद जातली. अवजारघराची चावी उद्या परत तुमच्या हातात. महिनाभर थय कोण बघूक नाय, कोयते गंजतत.”

“सही केली तर मी निष्काळजी.”

“कागदावर, काका. कागद कोण वाचता?”

सुगंधाने सूप खाली ठेवले. “आमी वाचतंव,” ती म्हणाली. बचतगटाचे इतिवृत्त ती बारा वर्षे लिहीत होती.

लवूने अहवाल मागून घेतला. छायाचित्र डाव्या डोळ्याजवळ, अगदी नाकाला टेकेल इतके धरले, आणि बराच वेळ तसाच राहिला. गेल्या महिन्यात प्रत्येक गोष्ट पाहायला त्याला असाच वेळ लागत होता. मग त्याने पान सुदेशसमोर धरले आणि एका जागी बोट ठेवले. कवचांच्या सहा निळ्या आकृती रिकाम्या होत्या. त्यांच्यावरच्या खिळ्याला बिल्ला होता. समितीच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा चांगला होता. अंक स्वच्छ वाचता येत होता.

“वाच रे.”

सुदेशने पान परत घ्यायला हात पुढे केला.

“अरे, तुझ्या शुद्ध मराठीत वाच.”

“एक,” सुदेश म्हणाला.

समितीने ज्या माणसाला दोषी ठरवले त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा समितीनेच काढला होता, रंगीत छापला होता, त्याला परिशिष्टाचे अक्षर दिले होते आणि तिघांनी त्याच्या कोपऱ्यात सह्या केल्या होत्या. पुरावा नष्ट करायला निदान तो पाहावा लागतो.

“काकी, चाय ठेवा बघया,” सुदेश म्हणाला.

“चाय मागसून,” सुगंधा म्हणाली. “आधी सांग, ते समितीवाले इले तेवा तू थय होतंस?”

“होतंय.”

“त्यांनी तुका इचारल्यानी?”

“इचारल्यानी.”

“मगे?”

सुदेशने खुर्ची थोडी मागे सरकवली. कुंपणाबाहेर महादू पाणंदीत उभा होता; तो केव्हा आला ते कोणाला कळले नव्हते, आणि तो जाण्याच्या बेतात दिसत नव्हता.

“माका तुझ्याकडसून काय नको,” लवू म्हणाला. “चावी पण नको. ता वाक्य खोडूक होया. खोडूचा नसात तर माझ्या तोंडार सांग, माझा नाव कित्याक दिलंस. मगे सही करतंय.”

सुगंधाने सहीसाठी आणलेला कागद सुदेशच्या मांडीवरून उचलला, उलटा केला आणि कोरी बाजू वर घेऊन पेनाचे टोपण काढले. सुदेशला ते दिसले. तरीही तो बोलला. कदाचित आपले बोलणे कोणी लिहून ठेवण्याजोगे आहे, ही जाणीव त्याला इतर वेळी सुखाचीच वाटत आली असेल. त्याचे बोलून झाल्यावर लवूकडे त्या कागदावर कोणी सही मागितली नाही. त्याच्या पुढच्या बाजूला ‘अहवाल मान्य’ या छापील शब्दांखाली आजही जागा रिकामी आहे. मागच्या बाजूला, इतिवृत्ताच्या वळणदार अक्षरात, सुदेशचे बोलणे शब्दशः आहे:

“गार्ड मियाच काढलंय. चष्म्यांचा सील फोडू नका म्हणान मियाच सांगितलंय. समितीन इचारल्यानी तेवा माझ्या तोंडात पयला तुमचाच नाव इला, आणि ता घेताना माका भय वाटूक नाय. दुसऱ्या कोणाचा घेतलंय असतंय तर तो भांडाक इलो असतो. तुमी भांडूचास नाय, ह्या माका म्हायत होता.”