चार खुंटांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. माझ्या लाकडी चौकटीचा एक कोपरा निखळला आहे आणि दगडाला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी पाटी हातातही धरली नसेल. तरी थोडा वेळ माझ्याजवळ बसा. मला एका माणसाबद्दल सांगायचे आहे.

माझा दगड आंध्रातल्या खाणीतला. तिथे मला कापले, घासले, चौकटीत बसवले आणि १९९४ साली मी वारंगा फाट्यावर आले. तिथल्या बस थांब्यावर संतराम कंट्रोलर होते. कोणती गाडी किती उशिरा येणार हे ते खडूने माझ्यावर लिहीत. फाट्यावर उतरलेला माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग चहाकडे वळायचा.

"कंट्रोलरसायेब, पाटी बराबर हाय ना?" कोणी विचारले की ते म्हणत, "पाटी चुकली तं मी चुकलो म्हणा."

ती माझी मानाची वर्षे होती.

पुढे २००५च्या सुमारास गाडीतून येणाऱ्या वर्तमानपत्रात सुडोकू छापून येऊ लागले. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या ओळी, नऊ चौक. प्रत्येकात एक ते नऊ आकडे एकदाच यायचे. संतरामांना त्याचे वेडच लागले. कागदावर खोडून खोडून भोक पडायचे, म्हणून त्यांनी कर्कटकाच्या टोकाने माझ्या मागच्या अंगावर एक्याऐंशी घरे कोरली. मला दुखले, पण राग आला नाही. एका घरात जे आकडे बसू शकतात त्यांचे ते बारीक ठिपके देत. एकचा ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यात, पाचचा मधोमध, नऊचा खालच्या उजव्या कोपऱ्यात. मग एकेक ठिपका अंगठ्याने पुसत जात. अंदाजाने आकडा त्यांनी कधीच टाकला नाही.

२००६ साली ते निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. गाव फाट्याजवळच होते. बायको आधीच वारली होती. घरात मुलगा विश्वंभर आणि सून कोमल. कोमल बारावी झालेली होती. स्वयंपाक आटोपला की ती त्यांच्याजवळ येऊन बसायची.

"मामा, इथं गाडी अडली."

"अडली न्हाई. जोडी बघ. ह्या ओळीत दोन घरं अशी हायेत, की तिथं फक्त चार न्हाईतर नऊ बसतेत. मंग बाकीच्या घरांतून चार नि नऊ काढून टाक. त्या दोघांची जागा ठरली."

जोडी तिला लगेच कळली. त्यापुढच्या युक्तीला ते 'चार खुंट' म्हणत. ती त्यांनी दोनदा सांगितली, पण तिच्या डोक्यात शिरली नाही.

२००८च्या मृगात एके सकाळी संतराम ओसरीवर कोसळले. अर्धांगवायू झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. नांदेडला वीस दिवस ठेवून घरी आणले, तेव्हा तोंडातून फक्त "अं, अं" एवढाच आवाज निघत होता. माजघरात त्यांची खाट टाकली. माझे काम संपले होते. कोणीतरी मला खाटेशेजारच्या माठावर झाकण म्हणून ठेवले, कोरलेली बाजू खाली. ओल धरून धरून माझी चौकट फुगली.

तिथूनच मी सगळे ऐकले. भेटायला येणारी माणसे खाटेजवळ बसून चहा पीत आणि त्यांच्यादेखत बोलत. "कळतं का काही?" कोणी विचारी. विश्वंभर म्हणे, "काय कळतंय आता. नुसतं बघून राहतेत." विश्वंभर वाईट नव्हता. रोज बापाचे अंग पुसायचा, कपडे बदलायचा, थकून जायचा. एका दुपारी तो पाहुण्याला म्हणाला, "पेरणी झाली की खाट गोठ्याजवळच्या खोलीत नेतो. त्यायला इथं काय नि तिथं काय. देवानं लवकर सोडवलं तं बरं होईल."

त्या संध्याकाळी संतरामांनी तोंड मिटून घेतले. चमचा ओठाला लावला की मान फिरवत. दुखणे वाढले, असे सगळ्यांना वाटले.

चौथ्या दिवशी पाणी काढताना कोमलने मला खाटेवर टेकवले, घरांची बाजू वर करून. संतरामांचा डावा हात हळूहळू सरकत आला. बोट एकेका घरावरून फिरू लागले. कोमल तांब्या धरून तशीच उभी राहिली. मग तिने त्या दिवशीचे कोडे माझ्यावर उतरवले आणि पाटीवरची पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली.

विश्वंभर म्हणाला, "लेकरंबी रेघोट्या मारतेत. काहून उगं आशा लावून घेतीस?"

पण त्या रेघोट्या नव्हत्या. वाकडेतिकडे का होईना, ठिपके आपापल्या जागी पडत होते. दोन दिवस हे चालले. दर थोड्या वेळाने हात गळून पडे. जिथे कोडे अडले होते, तिथे त्यांनी तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीतले साताचे ठिपके अंगठ्याने पुसले. त्यांतले फक्त चार ठिपके ठेवले. कोमलचा चेहरा पडला. भान नाही म्हणून पुसले, असे तिला वाटले. संतरामांनी ते चार ठिपके एकामागून एक बोटाने दाखवले. पुन्हा दाखवले.

आणि तिला दिसले. दुसऱ्या आडव्या ओळीत सात फक्त तिसऱ्या किंवा आठव्या घरात बसत होता. सहाव्या ओळीतही तसेच. एका ओळीत तो तिसऱ्यात गेला, तर दुसरीत आठव्यातच जाणार. म्हणजे त्या दोन्ही उभ्या ओळींतले सात ह्या चार घरांतच संपले. बाकीचे पुसायलाच हवेत. चार खुंट. बोलता न येणाऱ्या माणसाने तिला ते शिकवले होते.

कोडे पुरे झाल्यावर कोमलने मधल्या दिवशीच्या पेपरात आलेले उत्तर ताडून पाहिले. एक्याऐंशी घरे बरोबर होती.

कोमलने नवऱ्याला बोलावले आणि पेपर त्याच्यापुढे धरला. मग सासऱ्यांना म्हणाली, "मामा, व्हय असंल तं एक लिहा, न्हाई असंल तं दोन. आमचं बोलणं तुमाला कळतं?"

एक.

"पहिल्यापासून?"

एक.

कोमलने नवऱ्याकडे पाहिले. विश्वंभर उंबऱ्यात उभा होता. "हे गोठ्याचं जे बोलले, त्याच्यामुळं जेवण सोडलं?" तिने विचारले.

मग माझ्यावर तिसरा एक उमटला.

विश्वंभर खाली बसला. त्याने विचारले, "आबा, माझ्या हातानं खाता का?"

संतरामांनी एक लिहिला.

त्याने ज्वारीची पातळ पेज आणली. बापाने तोंड उघडले. पण इतक्या दिवसांच्या उपासाने घशातले बळच गेले होते. पेज ओठांच्या कडेने परत आली. विश्वंभर पुसायचा, पुन्हा चमचा लावायचा. डॉक्टर आले, सलाईन लावली. त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी मुलाच्या मांडीवर संतराम गेले. मला उचलताना मी विश्वंभरच्या हातातून निसटले, तो हा तडा.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. फुटकी पाटी अडगळीत राहिली तरी चालते. पण तुमच्या घरी, शेजारी कोणी असे निजून असेल, बोलत नसेल, तर त्याच्या उशाशी बसून त्याच्याविषयी बोलू नका. त्याच्याशी बोला. त्याला विचारा आणि उत्तराला वेळ द्या. विश्वंभर आता कोणाच्याही आजाऱ्याला भेटायला गेला की आधी त्याचा हात हातात घेतो आणि विचारतो, "ओळखलं का मला?" समोरचा गप्प राहिला, तरी तो हात सोडत नाही.