पाओ-चू मावशीची संशयी स्कूटर

मी बोलतेय, पण जरा हळूच. शेजारी एक निळी मोपेड लावलेली आहे, तिचा मालक कोण हे मला अजून कळलेलं नाही, आणि अनोळखी गाडीसमोर मी मनातलं फारसं बोलत नाही. मी एक पन्नास सीसीची स्कूटर. रंग पांढरा, म्हणजे एके काळी होता. मागे हिरवी पाटी. तैवानमधल्या आमच्या ताइनान शहरात हिरवी पाटी म्हणजे सगळ्यांत लहान इंजिन, आणि लहान इंजिनाला जो तो दामटतो. त्यामुळे म्हणा, किंवा मुळातला स्वभावच तसा म्हणा, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

कारखान्यातून माझ्यासारख्या शेकडो जणी एकामागून एक बाहेर पडल्या. तोच दिवा, तेच आरसे, तीच बसकण. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली होती की इतके सारखे चेहरे बाहेर सोडताय खरे, पण कोणाला कोण कळणार आहे?

मला घेतलं को पाओ-चू मावशीने. ती मासळी बाजारात रुपेरी माशांचे काटे काढायचं काम करते. दुकानदाराने तिच्यापुढे कागदांची चळत ठेवली. नोंदणी, पाटी, सक्तीचा विमा. विमा कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "मावशी, तुम्ही कोणाला धडकलात तर!"

"आणि कोणी मला धडकला तर?"

"त्याचा विमा."

"म्हणजे मी धडकणार हे तुम्ही धरूनच चाललाय," मावशी म्हणाली आणि तिने सही केली. मला ती तिथेच आवडली. माझ्याच जातकुळीची वाटली.

मी पाच वर्षांची झाले आणि सरकारलाही माझा संशय येऊ लागला. तेव्हापासून दरवर्षी माझ्या वाढदिवसाच्या महिन्यात मेकॅनिक माझ्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो आणि माझा धूर तपासतो. शेजारी ट्रक काळेकुट्ट ढग सोडत उभा असतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. मी मात्र निमूट सहन करते.

मावशी नियम घाबरून नव्हे, सवयीने पाळायची. शिरस्त्राण घातल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळणं जिकिरीचं. दुचाकीने मोठ्या चौकात मोटारींसारखं थेट वळायचं नाही. आधी चौक ओलांडायचा, पलीकडे रंगवलेल्या चौकोनात थांबायचं, तोंड फिरवायचं आणि तिकडचा दिवा हिरवा झाला की निघायचं. घाईतली पोरं थेट वळतात आणि मग कोणीतरी फोटो काढून पोलिसांकडे पाठवतं. मावशी चौकोनात थांबून माझ्या बसकणीवर थोपटायची आणि म्हणायची, "थांब गं, आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय?"

मी नसते तर तिचं कामच नव्हतं. बाजार उजाडायच्या आत सुरू होतो, आणि पहिली बस येते तोवर निम्मे मासे विकले गेलेले असतात. आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही. मी शिरते, दारातल्या कुंड्यांना न शिवता वळते, आणि बाजारापुढे दोन गाड्यांमधल्या वीतभर फटीतही उभी राहते. कुणाला मोठी गाडी मिरवायची असेल तर खुशाल मिरवावी.

मग मावशीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली.

आमच्याकडे त्या वयानंतर परवाना नव्याने मिळवावा लागतो. डॉक्टरची तपासणी असते, आणि डोकं ठिकाणावर आहे का याची परीक्षा. आज वार कोणता, वेळ काय झाली, मघाशी दाखवलेली चित्रं आठवतात का, असले प्रश्न. मावशीच्या परीक्षेची तारीख ठरली आणि तिचा मुलगा जुई-लिन माझ्याभोवती घुटमळू लागला. एकदा माझे टायर दाबून बघत होता. एकदा मोबाइलवर कोणाला तरी विचारत होता की जुनी स्कूटर मोडीत काढायला काय काय लागतं.

"आई, परवाना परत करून टाक ना. परीक्षेची कटकट कशाला?" तो दारातच म्हणाला.

"आणि बाजारात काय तुझ्या पाठीवर बसून जाऊ?"

"बाजार सोड. किती वर्षं काटे काढणार आहेस?"

"हात चालतायत तोवर. तू घरी बसवलंस तर मी तुझेच काटे काढीन, चालेल?"

तो हसला नाही. हल्ली दोनदा ती मीठ विसरली होती, एकदा नातीला चुलत बहिणीच्या नावाने हाक मारली होती, हे सगळं त्याने ध्यानात ठेवलं होतं. मला वाटलं, हा परीक्षेची वाट बघत नाहीये, आईच्या चुकीची वाट बघतोय. आणि चूक घडलीच.

त्या सकाळी मी बाजारापुढच्या रांगेत उभी होते. एक चाळिशीतला माणूस वाफाळत्या मत्स्यपेजेची पिशवी हातात घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, नजर मोबाइलमध्ये. त्याने न बघताच माझ्यात किल्ली घातली. माझं कुलूप झिजलेलं, त्याची किल्ली झिजलेली, फिरली की! पिशवी माझ्या आकड्याला अडकवून तो मला घेऊन निघाला.

चोर, चोर, असं मी ओरडत होते. पण स्कूटर ओरडली की माणसांना फक्त इंजिन ऐकू येतं. तो वाटेत तीन चौकांत थेट डावीकडे वळला. तेव्हा तर माझी खात्रीच पटली की हा अट्टल गुन्हेगार आहे.

त्याने मला एका विमा कंपनीच्या कचेरीपुढे लावलं. मी दिवसभर विचार करत राहिले की चोर विमा कंपनीत नोकरी कशी करेल. मग वाटलं, का नाही करणार?

संध्याकाळी पावसाची चिन्हं दिसली म्हणून त्याने रेनकोट काढायला माझी बसकण उचलली. आत मावशीचा जुना रबरी एप्रन, माशाचे खवले आणि पातळ पात्याची जादा सुरी. तो दोन पावलं मागे सरला. मग त्याने माझी पाटी वाचली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो मला ढकलत ढकलत थेट पोलीस चौकीत घेऊन गेला.

"माझी गाडी चोरली, आणि चोराने स्वतःची माझ्या जागी ठेवली," तो म्हणाला. "आत सुरी आहे!"

हवालदार पेंग यांनी सुरी उलटसुलट करून पाहिली. "खवले आहेत हो. चोर मासेखाऊ दिसतोय."

माझ्या पाटीवरून त्यांना मावशीचं घर सापडलं. आणि घरापुढे कोण उभी? अगदी माझ्यासारखीच पांढरी, माझ्यासारखीच हिरव्या पाटीची, याच साहेबांची स्कूटर. मावशी दुपारी तिच्यावरून घरी आली होती; तिचं कुलूपही झिजलेलं, मावशीची किल्ली त्यात फिरली होती. अर्ध्या तासात मावशी, जुई-लिन आणि ती माझी जुळी बहीण, सगळे चौकीच्या अंगणात हजर. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आई, बघितलंस?" जुई-लिनचा आवाज चढला. "म्हणून मी सांगत होतो! परक्याची गाडी घेऊन आलीस! उद्या परीक्षेला कोणत्या तोंडाने जाणार आहेस?"

मावशीने हातातली शिरस्त्राणाची पट्टी घट्ट धरून ठेवली होती. मला सगळं माहीत होतं, आणि मी गप्प उभी होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला संशय नव्हता, खात्री होती, आणि नेमकी तेव्हाच ती कोणाला सांगता येईना. याच्याइतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"थांबा जरा," हवालदार म्हणाले. "बाजाराच्या कॅमेऱ्यात बघू."

थोड्या वेळाने ते मोबाइल घेऊन बाहेर आले आणि माझ्या बसकणीवर ठेवून सगळ्यांना दाखवू लागले. आधी आला तो इस्त्रीचा शर्ट. किल्ली, पेज, मोबाइल, आणि मी गेले. मावशी आली ती कितीतरी वेळाने, दुपारी. आमच्या रांगेत पांढरी, हिरव्या पाटीची अशी एकच उरली होती. तिने तीच घेतली.

"साहेब," हवालदार त्या माणसाला म्हणाले, "चोर सापडला. आडनाव काय तुमचं?"

"फान," तो पुटपुटला. मग त्याने कमरेत वाकून माफी मागितली, एकदा मावशीची, एकदा हवालदारांची, आणि मला वाटतं चुकून एकदा माझीही. "मावशी, माझंच चुकलं. माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मी बघितलंच नाही."

"होतं असं," हवालदार म्हणाले. "महिन्यात एखादी केस येतेच. तुम्ही उद्या बिनधास्त परीक्षेला जा मावशी. वय विसरा."

माझा आनंद पोटात मावेना. आता कळलं ना कोण विसरभोळं! जुई-लिनची मान खाली गेली होती. "आई, मी उगाच बोललो," तो म्हणाला. "ये, घरी जाऊ."

मावशी हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग त्या दुसऱ्या स्कूटरकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"या साहेबांनी बघितलं नाही," ती म्हणाली. "मी तर बघत होते."

"म्हणजे?"

"बघितलं, बसले, चौकोनात थांबले, थोपटलं, बोलले. घरी आल्यावर फडक्याने पुसलीसुद्धा. त्या गाडीचा ब्रेक कडक आहे, आपला सैल आहे. मला वाटलं, मेकॅनिकने आवळला असेल." तिने ओठ घट्ट मिटले. "अकरा वर्षं बसतेय हिच्यावर. उद्या ते मला वार विचारतील. वार मी सांगीन रे. पण रस्त्यात समोर माणूस आला आणि मी बघूनही मला तो दिसला नाही तर?"

इतक्या वर्षांत मी सगळ्यांवर संशय घेतला. मेकॅनिकवर, सरकारवर, जुई-लिनवर. तिच्यावर घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. तिने तो स्वतःच घेतला, आणि किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली.

परीक्षेला ती गेलीच नाही. परवाना तिने स्वतः जाऊन परत केला. बाजार मात्र सोडला नाही. म्हणून आता भल्या पहाटे जुई-लिन डोळे चोळत येतो, मी त्याला घेते आणि ती मागे बसते. तो चांगली चालवतो असं म्हणवत नाही. मला मोडीत काढायचा बेत त्याने खरंच सोडला का, याचीही मला अजून पुरती खात्री नाही. पण घरून निघताना तो आईच्या शिरस्त्राणाची पट्टी स्वतः बांधतो, आणि ती बसली की मागे हात नेऊन तिचा गुडघा चाचपतो. इतपत मी त्याच्या बाजूने सांगते.

मावशीचा भार आता माझ्या मागच्या चाकावर येतो. पुढे ती नाही, याची मला सवय होत नाही.

तुम्हा सगळ्यांना माझी एवढीच विनवणी आहे. तुमची गाडी असेल, तुमचं माणूस असेल, त्याच्याकडे रोज एकदा नीट बघा. ओळख सांगणाऱ्या पाट्या आमच्या मागे असतात, आणि त्या वाचायला कोणाला सवड नसते.

मावशी वाचते. बसायच्या आधी गुडघे धरून वाकते, माझ्या पाटीवर बोट फिरवते आणि मोठ्याने आकडे म्हणते. तीन, आठ, एक. मग बसते. काल तिने सगळे आकडे बरोबर वाचले, सरळ उभी राहिली, आणि जुई-लिनला हळूच विचारलं, "ही आपलीच ना रे?"

"आपलीच आहे आई," तो म्हणाला. "बस."

ती बसली. दोन्ही हातांनी त्याला धरलं. मी सुरू झाले, पहिल्याच झटक्यात.