नगीनाघाटावरची गळकी नाव

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे आणि परवापरवापर्यंत थोडी गळायचे, हे आधीच सांगून टाकते. नांदेडच्या नगीनाघाटावर आलात तर निळा रंग उडालेली, एका अंगाला कललेली ती मीच. माझं लाकूड सागाचं. ग्यानोबा भोयाच्या वडिलांनी मला घडवलं, फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोकला, वरून गरम डांबर दिलं आणि नारळ फोडून मला गोदावरीत सोडलं.

गाव काही साधंसुधं नाही. शिवाच्या नंदीनं या तटावर तप केलं म्हणून हे नंदीतट, असं जुनी माणसं सांगतात. काठावर किल्ल्याचे बुरूज उभे आहेत. शिखांच्या दहाव्या गुरूंनी देह ठेवला तोही इथंच, म्हणून पार पंजाबातून माणसं येतात आणि घाटाच्या पायरीला कपाळ टेकवतात. एकाच पाण्यापाशी कुणी महादेवाचं नाव घेतो, कुणी वाहेगुरूचं. चाळीस वर्षं मी हे बघते आहे, पण अजून सवय झालेली नाही. रोज सकाळी ऊर भरून येतो.

ग्यानोबा माणूस भला, पण चालढकल करणारा. दोन वर्षं त्यानं मला डांबर दिलं नाही. पुढच्या बैठकीखाली अंगठ्याएवढं भोक पडलं. प्रत्येक फेरीनंतर तो डबड्यानं पाणी उपसायचा आणि म्हणायचा, "करू की उद्या." मला वाईट वाटायचं.

या श्रावणात उदगीरचे शरणप्पा आणि त्यांच्या पत्नी गंगम्माकाकू माझ्यात बसले. काकू लिंगायत. जन्मल्यावर गुरूंनी बांधलेलं इष्टलिंग पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून त्यांच्या गळ्यात होतं. त्याचा दोरा, शिवदारा, पार विरला होता.

नदीच्या मध्यावर काकू वाकून हात जोडत होत्या. शरणप्पांनी गंगेला नाणं वाहिलं. डुबुक आवाज झाला. काकूंनी गळ्याला हात लावला तर तुटलेला दोरा तेवढा हाती आला.

"ओ, माझं लिंग गेलं पाण्यात," एवढंच त्या बोलल्या.

पाण्यात गेलं होतं ते नाणं. लिंग माझ्या भोकात येऊन बसलं होतं. मला ते कळत होतं, पण मला तोंड कुठं आहे?

ग्यानोबानं आणखी दोन भोई बोलावले. माझ्यावरून उड्या मारून ते दुपारपर्यंत नदीचा तळ चाचपत राहिले. काकूही माझ्यावरून उतरायला तयार नव्हत्या. लिंगाशिवाय त्यांना अन्न चालत नाही, पाणीही नाही. घाटावरच्या सेवेकऱ्यानं गुरुद्वाऱ्याच्या लंगरची पोळी-डाळ पाठवली. काकूंनी ती कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली.

"काकू, लई बुड्या मारल्या. न्हाई घावत," ग्यानोबा धापा टाकत म्हणाला.

शरणप्पांनी पोळी पुन्हा त्यांच्यापुढं सरकवली. "मठात जाऊ. स्वामी दुसरं देतील. दोन घास खा गं."

"मला मातीत ठेवताल तवा तेच लिंग माझ्या हातात पाहिजे," काकू म्हणाल्या. "दोरा बदला म्हणून तुम्ही चारदा म्हणला होता. मीच उद्या उद्या करून राहिले."

ते ऐकून ग्यानोबानं मान खाली घातली. मग सवयीनं त्यानं डबडं उचललं आणि माझ्या तळाशी घातलं. डबडं नुसतं खरडलं. भोयांच्या अंगावरून निथळलेलं ओंजळभर पाणी सोडलं तर मी कोरडी होते.

"मायला, आज नाव गळली कशी न्हाई?" तो पुटपुटला.

मित्रांनो, माझ्या चाळीस वर्षांत मला बोलता आलं ते त्या एका क्षणी, आणि तेही न गळून. ग्यानोबा बैठकीखाली आडवा झाला. भोकात पांढरं वस्त्र दिसताच त्यानं हात मागं घेतला.

"काकू, तुमचं तुम्हीच काढा."

काकूंनी ते काढलं, डोळ्यांना लावलं आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. भोक मोकळं झाल्याबरोबर गोदावरी उसळून आत आली. त्यांचे पाय घोट्यापर्यंत भिजले. तसेच पाय पाण्यात ठेवून त्यांनी पोळीचा पहिला घास खाल्ला आणि ग्यानोबा हसत हसत पाणी उपसत राहिला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला काठावर ओढलं, काथ्या ठोकला, डांबर दिलं. आता मी गळत नाही. काकूंच्या गळ्यात नवा दोरा आहे. तुमच्याही घरात असा एखादा विरलेला दोरा, एखादी खिळखिळी फळी असेल, तर ती आजच बघा. उद्यावर टाकून सगळ्यांचंच निभावत नाही.

माझं निभावलं. ज्या भोकाची मला इतकी लाज वाटायची, तिथं अर्धा दिवस शिव बसून होता.