बे म्हणजे दोन

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला नेली, तेव्हा तिच्याबरोबर फायली गेल्या, कपाटं गेली, आणि कपाटांच्या मागोमाग शांतारामसारखे कारकूनही गेले. कपाटांना कुणी विचारलं नव्हतं, तसं कारकुनांच्या बायकांनाही विचारलं नव्हतं. शांतारामच्या वसुधानं मुकाट्यानं भांडी पोत्यात भरली, आठ वर्षांच्या लेकीला, सिंधूला, पुढ्यात घेतलं आणि भोपाळच्या जहांगीराबादेत घरमालकीण नफीसा आपांच्या मागच्या दोन खोल्यांत संसार थाटला. आपल्याला इथं फार दिवस राहायचं नाही, असं ती मनाशी म्हणत होती. का राहायचं नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सिंधू नागपूरला मराठी शाळेत तिसरीत होती. पाढ्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाहुणे आले की शांताराम तिला उभी करायचा आणि ती हात मागे बांधून, मान डोलवत, तीसपर्यंत घडाघडा म्हणून टाकायची. आता तीसपर्यंतचे पाढे ऐकायला पाहुण्यांनी काय पाप केलं होतं कोण जाणे, पण बापाची छाती फुगायची एवढं खरं.

भोपाळच्या शाळेत तिसरीतच नाव घातलं. पण थोड्याच दिवसांत पोर एकदम मिटून गेली. घरी आली की कोपऱ्यात बसायची. वसुधानं दिवेलागणीला "चल, सातचा पाढा" म्हटलं की ओठ असे घट्ट आवळायची, जणू कडू काढा पाजायला आणलाय. लाडीगोडी झाली, धपाटाही झाला. तोंड उघडेल तर शपथ.

शेवटी नफीसा आपांनीच वाचा फोडली. त्यांची लेक सिंधूच्याच वर्गात होती.

"अरी वसुधा बी," आपा ओट्यावर टेकत म्हणाल्या, "सीधी दिखती है तुम्हारी बच्ची, मगर बहनजी को 'बे' बोल दिया! वो भी भरी क्लास में!"

वसुधाच्या हातातली पळी तशीच राहिली. मग हळूहळू सगळं उलगडलं. बहनजींनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, सांगितलं होतं, दोनचा पाढा म्हण. सिंधू ऐटीत उठली, हात मागे बांधले आणि थेट बहनजींच्या तोंडाकडे बघून ठणकावलं, "बे एके बे! बे दुणे चार!" मुली खो खो हसल्या. बहनजी लालबुंद झाल्या. सिंधूला वाटलं, आपला आवाज कमी पडतोय. म्हणून तिनं आणखी मोठ्यानं म्हटलं, "बे त्रिक सहा!" त्यासरशी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं ते शाळा सुटेपर्यंत.

वसुधा नागपूरची. गुरकावून म्हटलेलं "का बे" म्हणजे काय, हे तिला आपांनी शिकवायला नको होतं. पण पाढ्यातला 'बे' आणि भांडणातला 'बे' एकच ऐकू येतो, हे तिच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. आधी तिला हसू फुटलं आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी असलेली लेक डोळ्यांपुढे आली, तेव्हा रडू आलं.

बहनजींनी निकालही देऊन टाकला होता. शनिवारी सिंधूनं दहापर्यंतचे पाढे हिंदीत म्हणून दाखवायचे, नाहीतर सोमवारपासून दुसरीत बसायचं. पाढ्यांवर मिरवणाऱ्या मुलीला पाढ्यांपायीच खाली बसवायचं! पोर कायमची मान खाली घालेल, ही धास्ती वसुधाला बसली.

शांताराम कडाडला, "गणिताला कसली आली हिंदी आणि मराठी? मी जाऊन सांगतो त्या बाईला." पण जायचं म्हटल्यावर त्याला कचेरीत काम निघालं. कचेरीत तो स्वतः आकडे तोंडातल्या तोंडात मराठीतच जुळवायचा आणि साहेबापुढे हिंदीत बोलताना अडखळायचा, हे वसुधाला ठाऊक होतं. तिनं त्याला जास्त छेडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधू शाळेत गेल्यावर ती आपांकडे गेली आणि म्हणाली, "मेरे को पाढा सिखाव."

"तुमको?"

"मेरे को आएगा तो उसको आएगा ना."

आपा पान लावता लावता शिकवायच्या. दो दूनी चार, दो तिया छह. वसुधा पोळ्या लाटताना घोकायची, धुणं आपटताना घोकायची. जीभ वळायची नाही. पस्तीसला पैंतीस म्हणायचं तर बेचाळीसला बयालीस, आणि मध्येच कुठूनतरी मराठीतला 'सक' घुसायचा. तिला स्वतःचाच राग यायचा. तीसपर्यंत पाढे येणारी बाई मी, आणि माझी ही गत!

शुक्रवारी संध्याकाळी ती भाजी निवडत पुटपुटत होती. सिंधू कोपऱ्यातच होती.

"सात पंजे पैंतीस. सात छक्के बयालीस. सात सत्ते... उनपचास."

कोपऱ्यात चुळबुळ झाली. वसुधानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच आपटली.

"सात सत्ते उनपचास."

"उनचास!" सिंधू ओरडली. "उनपचास नसतं गं आई, उनचास असतं!"

"असं कसं? पचासला एक कमी म्हणजे उनपचासच की!"

"पण तसं नसतं ना! रोज सगळ्या मुली म्हणतात, मी ऐकते." पोर तरातरा येऊन पुढ्यात बसली. "परत म्हण. आणि घाई करू नकोस."

वसुधानं मुद्दाम चूक केली होती असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. तिला खरोखरच येत नव्हतं. सिंधूनं तिला स्वयंपाक होईपर्यंत सोडलं नाही. एकदा तर कान धरायला लावला. इतक्या दिवसांनी लेकीचा आवाज घरात खणखणला आणि कान धरलेल्या आईला कोण आनंद झाला.

शनिवारी वसुधा लेकीला घेऊन शाळेत गेली आणि वर्गाच्या दाराशी उभी राहिली. बहनजी उलटसुलट विचारत होत्या. सिंधू बरोबर सांगत होती, पण दर वेळी आधी ओठ हलायचे आणि मग उत्तर यायचं.

"मुँह में क्या बड़बड़ाती है?" बहनजींचा आवाज चढला.

सिंधूनं ओठ आवळले. तेच ते घट्ट आवळणं! वसुधाला राहवेना. ती सरळ वर्गात शिरली.

"बहनजी, वो पहले मराठी में बोलती है, फिर हिंदी में. हमारे में दो को बे बोलते हैं. गाली नहीं है जी. बे म्हणजे दो."

बहनजी सिंधूकडे वळल्या. "मतलब... उस दिन ये मुझे नहीं..."

"आपको कैसे बोलेगी? दो को बोल रही थी!"

बहनजींनी पदर तोंडाला लावला. खांदे गदगदले. हसून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या, "और मैंने बच्ची को वहाँ खड़ा कर दिया." त्यांनी सिंधूला जवळ घेतलं. "बैठ, बेटी, अपनी ही क्लास में बैठ. पहले मुझे अपना वाला सुना दे. पूरा."

सिंधूनं आईकडे पाहिलं. मग हात मागे बांधले आणि त्याच वर्गात 'बे दाहे वीस'पर्यंत म्हटलं. कुणी हसलं नाही असं नाही, पण सिंधूही हसली.

संध्याकाळी शांताराम घाईघाईनं घरी आला. तिसरीत राहिली म्हटल्यावर त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि लगेच परीक्षक झाला.

"सात आठे?"

"छप्पन!" ओठ हलले नाहीत, पापणीही लवली नाही.

"शाब्बास! पण हे मराठीतलं की हिंदीतलं?"

सिंधू विचारात पडली. "दोन्हीकडे छप्पनच आहे ना, बाबा."

"तरी मनात आधी कुठलं आलं?"

"कुठलंच नाही. छप्पनच आलं," असं म्हणून ती आपांच्या अंगणात खेळायला पळाली.

शांताराम हसला. वसुधाला मात्र गलबलून आलं, आणि बरंही वाटलं. लेक या गावची झाली होती. आता आपल्यालाही इथं राहायचंय, हे तिनं पहिल्यांदाच स्वतःशी कबूल केलं.